सव्वीस ओंडके

आउस्माबाईंनी झेल्माला पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. १९७३ सालच्या डिसेंबरची बावीस तारीख, शनिवार. दुपारचे तीन वाजत आले होते, म्हणजे विल्कुपे गावात सूर्य मावळायला पाऊण तास उरला होता. बाई तेव्हा बावीस वर्षांच्या, त्या शाळेवर रुजू होऊन जेमतेम चार महिने झालेले. सकाळीच त्यांनी सहावीच्या वर्गाला सफरचंदात विणायची सुई खुपसून पृथ्वी कशी कलते ते दाखवलं होतं आणि नंतर ते सफरचंद फोडी करून पोरांना वाटून टाकलं होतं. आता त्या वह्यांचं ओझं घेऊन घरी निघाल्या होत्या.

पुढे रस्त्यावर एक बाई वाकून चालली होती. छातीवरून दोर घेतलेला, आणि दोराच्या टोकाला माणसाच्या मांडीएवढा जाड भूर्जाचा ओंडका. बर्फात मागे एक सरळ चर उमटत होता.

"मदत करू का?" बाईंनी गाठून विचारलं. "सरपणाला घसरगाडी तरी घ्यायची."

ती थांबली. अडतीस-एकोणचाळिशीची, रुंद खांद्यांची, वाऱ्याने गाल भाजलेले. बाईंकडे तिने नव्या गायीकडे बघावं तसं खालून वर पाहिलं.

"सरपण नाही हे," ती म्हणाली. "सरत्या वर्षाची घाण आहे. तुम्ही त्या भूगोलवाल्या ना? आज सूर्य वळतो असं सांगितलंत की नाही पोरांना?"

"सूर्य नाही वळत. पृथ्वी कललेली असते, त्यामुळे..."

"म्हणजे वळतो," झेल्मा म्हणाली आणि दोर पुन्हा छातीवर घेतला. "उद्यापासून कोंबड्याच्या पावलाएवढा दिवस वाढणार. तुमच्या पुस्तकातही तेवढाच वाढतो का बघा."

बाईंनी घरी जाऊन पंचांगात पाहिलं. उद्याचा दिवस मिनिटभरानेही वाढत नव्हता. पण कोंबडा कुठला आणि त्याचं पाऊल केवढं, हे काही पुस्तकात दिलेलं नव्हतं.

झेल्मा ग्रावा ही गावच्या सामूहिक शेतीवर दुधाची गाडी हाकायची. पहाटे गोठ्यागोठ्यांतून कॅन उचलायचे आणि घोडीच्या घसरगाडीवर घालून दूधकेंद्रावर पोचवायचे, हे तिचं काम. कॅनमधलं दूध कोणत्या गोठ्यातलं ते ती झाकण न उघडता, नुसतं हलवून आवाजावरून सांगे. बोलणं कमी, पण चुकीचं कुणी काही बोललं तर दुरुस्त केल्याशिवाय पुढे जायची नाही. एकदा जिल्ह्याहून आलेल्या साहेबांनी सभेत "आमच्या या कष्टाळू घोड्याने" असं म्हटल्यावर ही शेवटच्या बाकावरून म्हणाली, "घोडी आहे." साहेबांना भाषण तिथून पुढे नीट जमलं नाही.

ओंडक्याची गोष्ट बाईंना ट्रीनेआजीने सांगितली. ट्रीनेआजी ऐंशीची, तोंडात तीन दात, आणि गावात कुणाच्या घरी काय शिजलं ते तिला चुलीवरून उतरायच्या आत ठाऊक.

"नऊ घरं," ट्रीनेआजी बोटांवर मोजत म्हणाली. "सूर्य जातो त्या दिशेने फिरायचं. प्रत्येक घरापाशी ओंडका न्यायचा, घरधन्याने बाहेर येऊन त्याला मारायचं. हाताने मारा, काठीने मारा. वर्षभराचं जे काही वाईट असेल, आजार, भांडण, मेलेलं वासरू, ते सगळं ओंडक्याला चिकटतं. नववं घर झालं की टेकडीवर नेऊन जाळायचा. सूर्य जंगलाला टेकायच्या आत."

"आणि सरकार?"

"सरकारने सण रद्द केलाय ना. सूर्याला अजून कागद पोचला नसेल."

झेल्माच्या आईनेही ओंडका ओढला होता, आणि तिच्याही आईने. १९४९च्या मार्चमध्ये रात्रीतून ट्रक आले आणि गावातली तीन कुटुंबं सैबेरियाला नेली. त्यात झेल्माची आई होती. झेल्मा चौदा वर्षांची. दाढ दुखते म्हणून शहरात मावशीकडे गेली होती, म्हणून राहिली. चार दिवसांनी परत आली तेव्हा दाराला सरकारी मोहोर लागलेली होती आणि खिडकीतून दिसलं, काथवटीत आईने भिजवलेलं काळ्या पावाचं पीठ उतू जाऊन जमिनीवर आलं होतं. विल्कुपेत घरांना नंबर नसतात, नावं असतात. त्या घराचं नाव प्रिएदेस, म्हणजे पाइनची झाडं. फेरीतलं ते नववं घर.

त्याच उन्हाळ्यात प्रिएदेस एका परक्या माणसाला मिळालं. रुडोल्फ स्कुया, शेतीवरचा मुकादम. आणि त्याच डिसेंबरात चौदा वर्षांच्या झेल्माने ट्रीनेआजीच्या मागच्या अंगणातला भूर्ज तोडून पहिला ओंडका ओढला. आठ घरांनी पडद्याआडून इकडेतिकडे बघत, झटकन बाहेर येऊन मारलं. नववं दार उघडलं नाही.

"मी तिला म्हटलं, पोरी, आठ पुरेत," ट्रीनेआजी म्हणाली. "ते घर आता आपलं नाही. तर म्हणते कशी, घर कुठे गेलंय? माणसं गेली. घर आहे तिथेच आहे. मग म्हटलं, तूच मार, तुझंच घर ते. तर त्यालाही नाही. म्हणे, चूल त्याची पेटते, तर वाईटही त्याचंच. ते मी कसं झाडू? आणि अपुरा ओंडका जाळायचा नसतो, बाई. अपुरं वाईट धुरात जात नाही. घरी परत येतं."

"मग काय केलं तिने त्या ओंडक्याचं?"

ट्रीनेआजीने बाईंना उठवून खिडकीशी नेलं. दूधकेंद्राच्या कोठारात झेल्माची खोली होती. खोलीमागे, पत्र्याच्या आडोशाला, ओंडके रचलेले होते. एकसारख्या लांबीचे, साली वाळून पांढऱ्याच्या राखी झालेल्या. बाईंनी मोजले. पंचवीस.

"कडाक्याच्या थंडीतसुद्धा यातला एक चुलीत घातला नाही तिने," आजी म्हणाली. "एका वर्षी तर खोलीत पाणी गोठलं होतं."

बाईंना त्या रात्री झोप लागली नाही. शाळेत दर सोमवारी त्या 'अंधश्रद्धांविरुद्ध' दहा मिनिटं बोलत. ते सक्तीचं होतं. पुढच्या सोमवारीही बोलल्या. पण बोलताना त्यांना सारखे ते पंचवीस ओंडके दिसत होते आणि आपण नेमकं कशाच्या विरुद्ध बोलतो आहोत ते कळेनासं झालं होतं.

वर्ष गेलं. पुढच्या डिसेंबरात बावीस तारखेला रविवार होता. आठवडाभर आधी मुकादम रुडोल्फने दूधकेंद्रावर सगळ्यांदेखत झेल्माला सांगितलं, "यंदा ते लाकूड माझ्या फाटकाशी आणलंस तर तक्रार लिहून जिल्ह्याला देईन. घोडीही जाईल आणि गाडीही. मग कॅन डोक्यावर घेऊन फीर."

"कॅन चाळीस लिटरचा असतो," झेल्मा म्हणाली. "डोक्यावर नाही राहत."

रुडोल्फ वाईट माणूस नव्हता, हे आउस्माबाई अजूनही आग्रहाने सांगतात. बायको गेलेली, मूलबाळ नाही. हिशोबाला चोख, माणसांना तुसडा. दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्याला असते तशी त्याला सतत कुणीतरी दार ठोठावेल अशी भीती. तो रशियात वाढलेला, गावच्या रीतीभाती त्याला माहीत नव्हत्या आणि कुणी सांगितल्याही नव्हत्या. ओंडका म्हणजे आपल्याला घराबाहेर काढायचा काहीतरी जादूटोणा, एवढंच त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

तर त्या रविवारी सकाळी नऊला सूर्य जंगलावर आला आणि झेल्मा निघाली. सव्विसावा ओंडका. तिने मेंढीच्या कातड्याचा कोट उलटा घातला होता, लोकर बाहेर, तिची आई घालायची तसा. मागे थोड्या अंतरावर ट्रीनेआजी, तीही उलट्या कोटात, काठी टेकत. आणि त्याच्याही वीस पावलं मागे आउस्माबाई, हातात बाजाराची पिशवी. रविवारी दुकान बंद असतं हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

"बाई, मिठाला निघालात वाटतं?" कुंपणावरून कुणीतरी ओरडलं.

"हो, मीठच," बाई म्हणाल्या आणि लाल झाल्या.

पहिल्या घरी म्हाताऱ्या क्रिश्यानिसने कुऱ्हाडीच्या दांड्याने ओंडक्याला असा हाणला की साल उडाली. "हे माझ्या गुडघ्यासाठी! आणि हे सासूसाठी!"

"सासू मेली ना रे तुझी?" ट्रीनेआजी म्हणाली.

"पुन्हा येऊ नये म्हणून."

दुसऱ्या घरी तळलेल्या चरबीचे तुकडे घातलेले वाटाणे मिळाले. एकही वाटाणा पानात टाकायचा नाही. जितके टाकाल तितके अश्रू. बाईंनी शेवटचा वाटाणा पिशवीत लपवून नेला, कारण पोटात जागाच नव्हती. तिसरं, चौथं, पाचवं. सूर्य टेकडीच्या खांद्याएवढाच वर आला आणि तिथूनच उतरायला लागला. सहाव्या घरी एका तरुण सुनेने ओंडक्याला हळूच, दोन बोटांनी मारलं आणि घरात पळाली. तिचं काय वाईट होतं ते तिचं तिलाच ठाऊक. आठवं घर झालं तेव्हा अडीच वाजले होते.

मग प्रिएदेस.

झेल्माने ओंडका फाटकाशी आणला आणि उभी राहिली. पंचवीस वर्षं ती इथे अशीच उभी राहायची, सूर्य बुडेपर्यंत, आणि मग परत जायची. हाक नाही, ठोठावणं नाही. बाईंना तिची पाठ दिसत होती. ती पाठ ताठ होती आणि लोकरीवर बर्फाचे कण बसत होते.

दार उघडलं.

रुडोल्फ कोट न घालताच बाहेर आला. हातात जाड काठी, तोंड लालभडक. "सांगितलं होतं!" तो ओरडला. "सांगितलं होतं की नाही? ने इथून! ने!" आणि झेल्मा हलत नाही असं पाहून त्याने ती काठी उगारली. पण त्याचा राग झेल्मावर नव्हता, त्या लाकडावर होता. त्याने काठी खाडकन ओंडक्यावर हाणली. एक. दोन. तीन.



"मारलं!" कुंपणाशी ट्रीनेआजी किंचाळली. तिची काठी हातातून पडली. "अरे देवा, मुकादमांनी मारलं! नववं घर झालं!"

"काय झालं?" रुडोल्फ म्हणाला.

झेल्माने डोक्याचा रुमाल सोडला. पंचवीस वर्षांत तिने असं गावात कुणासमोर केलं नव्हतं. केस पांढरे व्हायला लागले होते. तिने त्याच्यापुढे मान वाकवली, अगदी खाली.

"उपकार झाले, मुकादम. या घराचं वाईट मी उचललं."

"मी? मी तर तुला हाकलायला... मी काही..."

"हाताने मारा, काठीने मारा," ट्रीनेआजी म्हणाली. "रागाने मारलं तर अधिकच चांगलं. खोलवर जातं!"

रुडोल्फने काठी खाली टाकली, जणू तापलेली होती. मग त्याला रस्त्यावरच्या आउस्माबाई दिसल्या.

"बाई! तुम्ही पाहिलंत ना? या आत. तक्रार लिहा. तुमचं अक्षर चांगलं आहे. साक्षीदार म्हणून सहीही करा."

बाई आत गेल्या. नाही म्हटलं तर शाळा जाईल, आणि हो म्हटलं तर झेल्माची घोडी. स्वयंपाकघरात मेजावर कागद होता, पेन होतं. रुडोल्फ फेऱ्या मारत सांगू लागला आणि बाई लिहू लागल्या, शाळेत निबंध लिहून घेतात तशा, एकही शब्द न गाळता.

"'दिनांक बावीस डिसेंबर रोजी दुपारी पावणेतीन वाजता दूधगाडीवाली झेल्मा ग्रावा हिने प्रिएदेस या घराच्या फाटकाशी बेकायदा धार्मिक ओंडका आणला.' लिहिलंत?"

"लिहिलं."

"'मी तिला हाकललं.' बस. सही करा."

बाईंनी आणखी एक ओळ लिहिली आणि कागद त्याच्यासमोर सरकवला. रुडोल्फने वाचलं: 'त्यानंतर मुकादम रुडोल्फ स्कुया यांनी आपल्या काठीने ओंडक्यावर तीन फटके मारले.'

"हे कशाला?"

"घडलं तेच लिहायचं ना?"

"खोडा ते."

"खोडलं तर खोटं होईल, आणि खाली माझी सही असणार आहे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण वाक्य पूर्ण झालं. "मुलांना मी घडलेलं गाळू नका असंच शिकवते."

त्याने ती ओळ पुन्हा वाचली. जिल्ह्याच्या कचेरीतले अर्धे लोक याच गावांतले होते. त्यांच्या आया अजून जिवंत होत्या. सूर्य वळायच्या दिवशी मुकादमाने ओंडक्यावर तीन फटके मारले, हे वाचून मुकादमानेही सण पाळला असंच तिथे म्हणतील, हे त्याला आता, पंचवीस वर्षांनी, कुणी न सांगता समजलं. त्याने चुलीचं झाकण उघडलं आणि कागद आत घातला.

"बाई," तो म्हणाला, "फटके तीनच होते का?"

"तीन."

"पुरतात ना?"

"मला विचाराल तर मी भूगोल शिकवते," बाई म्हणाल्या. "पण पुरतात म्हणे."

बाहेर आल्या तेव्हा झेल्मा निघूनही गेली होती. टेकडीकडे नव्हे, कोठाराकडे. ती घोडीला जुंपत होती. एक ओंडका नव्हता जाळायचा, सव्वीस होते. आणि सूर्य जंगलापासून दोन बोटं वर होता.

गाव आपणहून आलं. कुणी बोलावलं नाही. क्रिश्यानिस, दोन बोटांनी मारणारी सून, तिसऱ्या घरचे दोघे भाऊ, ज्यांनी सहा वर्षांत एकमेकांशी शब्द काढला नव्हता. दोघांनी एकाच ओंडक्याची दोन टोकं उचलली. घसरगाडीच्या दोन खेपा झाल्या. तळाचा १९४९चा ओंडका उचलताना झेल्माने कुणाला हात लावू दिला नाही. तो वाळून इतका हलका झाला होता की तिने तो लहान मुलासारखा कडेवर घेतला.

सूर्याची कड पाइनच्या शेंड्यांना टेकायच्या बेतात होती तेव्हा आग पेटली. जुनं भूर्ज धडधडून पेटलं आणि पांढऱ्या धुराचा खांब सरळ वर गेला. वारा अजिबात नव्हता. कुणी गाणं सुरू केलं नाही. ट्रीनेआजी रडत होती आणि "वाटाणा सांडला असेल माझ्याकडून" असं म्हणत होती. झेल्मा आगीजवळ उभी होती, रुमालाशिवाय. बाईंनी अनेकांना पहिल्या नंबराने पास होताना पाहिलं आहे, पदक घेताना पाहिलं आहे. असा चेहरा त्यांनी पुन्हा पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी शेतीच्या अध्यक्षांनी विचारलं, टेकडीवर धूर कसला होता?

"सरपण जरा जास्त साठलं होतं," झेल्मा म्हणाली.

पुढच्या वर्षी नवव्या घराचं दार आपणहून उघडलं. रुडोल्फ आला, तीन फटके मारले, आत गेला. एकदा मारून मग थांबलं तर सगळं वाईट मारणाऱ्यावरच उलटतं, असं ट्रीनेआजीने त्याला मुद्दाम ऐकवून ठेवलं होतं. तसं काहीही नसतं. पण तो अठरा वर्षं येत राहिला, आणि शेवटी शेवटी ओंडका यायच्या आधीच फाटकाशी उभा असायचा, कोट घालून.

मग रशियन राजवट गेली, देश पुन्हा आपला झाला, आणि १९९३ साली कागदपत्रांसह प्रिएदेस झेल्माला परत मिळालं. ती कागद घेऊन गेली तेव्हा रुडोल्फ दारातल्या बाकावर बसला होता. शेजारी बांधलेली पेटी.

"कुठे निघालात?"

"शहरात. बहिणीकडे."

"बहिणीने तुम्हाला कधी पोसलंय? तुमची बहीण तुमच्याहून तुसडी आहे, असं तुम्हीच सांगता." तिने पेटी उचलून आत नेली. "मागची खोली तुमची. पुढची माझी. चूल मी पेटवीन, तुम्हाला जमत नाही."

लोकांनी तिला नावं ठेवली. आईला नेणाऱ्यांच्या माणसाला घरात ठेवलं म्हणे. झेल्माने त्यांनाही दुरुस्त केलं: आईला न्यायला जे ट्रक घेऊन आले त्यांत रुडोल्फ नव्हता; तो नंतर आला. आई १९५३ साली सैबेरियातच वारली, हे तिला तोवर पत्राने कळलेलं होतं, तारखेसह. रुडोल्फ त्या मागच्या खोलीत सहा वर्षं राहिला आणि तिथेच गेला. त्याची काठी कुठे ठेवायची असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, त्याच्याबरोबर द्या, त्याला सवय आहे.

आउस्माबाई आता निवृत्त आहेत. गावात ओंडका दर वर्षी निघतो. हल्ली शहरातून लोक फोटो काढायला येतात आणि मुलं बगळ्याचे, अस्वलाचे मुखवटे घालून मागे नाचतात. चार वर्षांपूर्वी नऊ घरांपैकी दोन रिकामी झाली. तिथेही ओंडका थांबतो, आणि त्या घरांच्या वतीने कुणीही मारत नाही, म्हणून रांगेतलं शहरातलं कुणी ना कुणी विचारतंच, मग जाळायचा कसा? झेल्मा सांगते: "आधी त्या घरांत कुणाला तरी राहायला आणा." यंदा त्यातल्या एका घरात एक सुतार कुटुंब आलं आहे. दुसरं रिकामं असेपर्यंत प्रिएदेसच्या गोठ्यामागे पुन्हा चार ओंडके रचून आहेत.

झेल्मा अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. ती आईच्या घरात पुढच्या खोलीत एकटी राहते, विहिरीचं पाणी स्वतः काढते, आणि मंगळवारी फिरत्या दुकानाची गाडी येते तेव्हा दोन काळे पाव घेते, एक स्वतःसाठी आणि एक सुताराच्या घरासाठी.